दहावीच्या बॅचची साठी एकत्र साजरी करताना: पहिल्या यादीपासून शेवटच्या हिशेबापर्यंत

जून १९७२ मध्ये पहिलीत बसलेली आणि मार्च १९८२ मध्ये दहावीची परीक्षा दिलेली मुलं-मुली यंदा साठीत येत आहेत. राज्य सरकारच्या नोकरीतले बहुतेक जण अठ्ठावन्नाव्या वर्षीच मोकळे झाले, केंद्रातले आणि बँकांतले आता होतील. पोरांची लग्नं बऱ्यापैकी उरकली आहेत. हातपाय अजून चालतात. पन्नाशीला सवड नसते आणि पंचाहत्तरीला सगळे असतील याची खात्री नसते, त्यामुळे सगळ्या वर्गाने मिळून एकच वाढदिवस करायचा असेल तर साठीसारखं वर्ष नाही.

नेहमीच्या गेट-टुगेदरमध्ये नकळत एक उतरंड तयार होते. कुणी साहेब झालेला असतो, कुणी परदेशातून आलेला असतो, आणि कुणी मागच्या खुर्चीवर बसून जेवण झालं की निघून जातो. साठीच्या सोहळ्यात मात्र वर्गातला प्रत्येक जण उत्सवमूर्ती असतो, कारण साठ वर्षं सगळ्यांनाच सारखी झाली. पुढे सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला मी एकच कसोटी लावली आहे: ज्याला वाटतं की आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही, तो या कार्यक्रमाला येईल का, आणि आला तर खुशीत घरी जाईल का?

यादी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

कार्यक्रमाच्या सहा महिने आधी पाच-सहा जणांनी बसावं. त्यात निदान दोघी मुली हव्यात, आणि निदान दोघं असे हवेत जे अजून गावातच राहतात. पुण्या-मुंबईच्या मंडळींनी परस्पर ठरवलेला कार्यक्रम गावातल्यांना परका वाटतो.

पहिलं काम म्हणजे वर्गाची पूर्ण यादी. आठवणीतून यादी करू नका. आठवणीत हुशार, दंगेखोर आणि जवळ राहणारे एवढेच टिकतात. मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज द्या आणि जनरल रजिस्टरवरून त्या वर्षीच्या सर्व तुकड्यांची नावं मिळतील का ते विचारा. हे रजिस्टर शाळा कायम जपून ठेवते. जन्मतारखा आणि जातीचे रकाने मागू नका, नाव आणि गाव पुरेसं आहे. शाळेला तेही देणं अडचणीचं वाटत असेल तर तिथेच बसून वहीत नावं उतरवून घेण्याची परवानगी मागा.

यादीत कोण धरायचं, हा खरा प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट आहे: आठवी ते दहावी या काळात जो कुणी त्या वर्गात बसला, तो बॅचचा. नापास होऊन मागे राहिलेला, नववीतून शाळा सोडलेला, दहावीचा फॉर्म भरून परीक्षेला न बसलेला, सगळे. या वर्षाच्या बॅचला तर हे विशेष लागू आहे. मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांचा महिन्याचा मनीऑर्डरचा आधार तुटला. दोन महिन्यांनी त्याच घरांतली मुलं दहावीच्या पेपरला बसली. हुशार असून कॉलेजचं तोंड न पाहिलेले अनेक जण या वर्गात आहेत. ते यादीबाहेर राहिले तर ती साठी अर्ध्याच वर्गाची.

यादी झाली की ती आडनावांप्रमाणे न लावता गावांप्रमाणे लावा. तालुक्याच्या हायस्कुलात आजूबाजूच्या दहा-बारा वाड्यांतली मुलं एसटीच्या पासवर किंवा पायी यायची. प्रत्येक गावासाठी त्याच गावचा एक माणूस नेमा. तो पारावर, सोसायटीच्या कार्यालयात किंवा किराणा दुकानात विचारेल आणि दोन दिवसांत निम्मे नंबर आणून देईल. बोर्डिंगात राहिलेल्या मुलांची वेगळी यादी करा. ती लांबून आलेली असल्यामुळे हमखास सुटतात.

मुलींना शोधणं सगळ्यात अवघड. रजिस्टरमध्ये माहेरचं नाव, आज सासरचं. फेसबुकवर शोधून उपयोग नाही. वाट एकच, भावाची. माहेरी भाऊ, भावजय किंवा चुलतभाऊ असतोच. पण भावाकडून नंबर मिळाला म्हणून लगेच मुलांपैकी कुणी फोन लावू नये. पहिला फोन वर्गातल्या मुलीनेच करावा. काहींच्या घरी 'शाळेतल्या मुलांचा ग्रुप' ही गोष्ट अजून सहज घेतली जात नाही, आणि ती अडचण तिने आपल्याला समजावून सांगावी अशी वेळच येऊ नये. तिला विचारल्याशिवाय तिचा नंबर व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये.

शोधताना काही जण आता नाहीत हेही कळत जाईल. त्यांची नावं यादीतून खोडू नका. नावासमोर घरच्यांचा नंबर लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

ग्रुप दोन करा. एकावर फक्त आयोजक लिहू शकतील, तिथे तारीख, पत्ता, पैसे एवढंच. दुसरा गप्पांचा. राजकारण आणि धर्म यांवरचे पुढे ढकललेले संदेश कुठल्याच ग्रुपवर नकोत, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. चाळीस वर्षांनी जुळलेलं माणूस अशा एका संदेशाने ग्रुप सोडून जातं, आणि मग कार्यक्रमालाही येत नाही.

तारीख

गावाकडच्या शाळांत त्या काळी नाव घालताना जन्माची नोंद हाताशी नसायची. गुरुजी अंदाजाने वर्ष धरत आणि तारीख १ जून टाकत. त्यामुळे दाखल्यावर बऱ्याच जणांचा वाढदिवस एकच निघतो. एकत्र वाढदिवसाची तारीख शाळेनेच ठरवून दिली आहे म्हणा ना! २०२६ मध्ये १ जून अधिक ज्येष्ठात येतो. लग्नांचे मुहूर्त नसल्यामुळे मंगल कार्यालय आणि आचारी सहज मिळतात. शाळेलाही सुट्टी असते. अडचण हवेची: विदर्भ-मराठवाड्यात तेव्हा ऊन सोसवत नाही, आणि कोकणात वळवाचा किंवा मोसमी पाऊस कधीही गाठतो.

माझी पसंती भाऊबीजेनंतरच्या शनिवारला आहे. यंदा भाऊबीज ११ नोव्हेंबरला, म्हणजे १४ नोव्हेंबरचा शनिवार. कारण साधं आहे. त्या आठवड्यात वर्गातल्या मुली माहेरी आलेल्या असतात. एरवी 'शाळेच्या कार्यक्रमाला जाते' म्हणून दोनशे किलोमीटर प्रवास करणं जिला जमणार नाही, ती माहेराहून चालत येऊ शकते. दिवाळीची सुट्टी असल्यामुळे वर्ग रिकामे असतात आणि थंडीही बेताची असते. शाळेचे मोठे दिवस मात्र टाळा. रयत शिक्षण संस्थेच्या शाखांत २२ सप्टेंबरला कर्मवीर जयंतीचा कार्यक्रम असतो, इतर संस्थांचे वर्धापनदिन असतात. त्या दिवशी शिक्षक, शिपाई, पटांगण काहीच तुमच्या वाट्याला येत नाही.

लांबून येणाऱ्यांना रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधीच खुलं होतं, पूर्वीसारखं एकशेवीस दिवस नाही. १४ नोव्हेंबरसाठी ते सप्टेंबरच्या मध्यात खुलं होईल आणि यंदा १४ सप्टेंबरला गणेश चतुर्थी आहे. धामधुमीत विसरायला होणार, म्हणून ग्रुपवर त्या दिवशी सकाळी आठवण टाकायचं काम एकावर सोपवा. राज्यात एसटीने येणाऱ्या मुलींना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. हेही कळवा, काहींच्या दृष्टीने तो फरक मोठा असतो.

पैसे

इथे कार्यक्रम बिघडतात, म्हणून जरा सविस्तर.

खर्चाचे दोन भाग करा. पहिला ठरावीक: मांडव किंवा हॉल, ध्वनी, फोटो, शिक्षकांना आणण्या-पोचवण्याची गाडी, छपाई. माणसं चाळीस आली काय किंवा साठ आली काय, हा तेवढाच राहतो. दुसरा माणशी: नाश्ता, जेवण, चहा. वर्गणी काढताना ठरावीक खर्च 'येतो' म्हणालेल्यांत वाटू नका, नक्की येणाऱ्यांत वाटा. उदाहरणापुरते आकडे घेऊ. सत्तर जण 'येतो' म्हणाले तर पन्नास धरा. ठरावीक खर्च ४०,००० रुपये असेल तर माणशी ८०० पडले, खाण्यापिण्याचे ६०० धरले, झाले १,४००. वर्गणी १,५०० ठेवा, वरचे शंभर अडीअडचणीला. तुमच्या तालुक्यातले दर वेगळे असतील, पण मांडणी हीच ठेवा.

आता महत्त्वाचं. १,५०० रुपये ज्याला जड आहेत तो 'काम आहे, जमणार नाही' असं सांगेल. पैशाचं नाव तो कधीच काढणार नाही. म्हणून वर्गणी 'प्रत्येकी इतकी' अशी जाहीर करतानाच पुढे लिहा, 'ज्याला जितकी जमेल तितकी, आणि नाही जमली तरी ताट वाढलेलं आहे.' ज्यांना अधिक द्यायचं आहे त्यांनी खजिनदाराला सांगावं. कुणी किती दिले याची यादी ग्रुपवर कधीही टाकू नये, कौतुक म्हणूनसुद्धा नाही. एकूण जमा आणि एकूण खर्च तेवढा टाकावा. देणगीदारांची नावं फ्लेक्सवर छापली की ज्यांनी दिलेले नाहीत त्यांचीही नावं आपोआप वाचली जातात.

पैसे एकाच्या खात्यात येतील, पण हिशेबाची वही दुसऱ्याकडे असावी. दोघांनी दर रविवारी ताळा जुळवावा.

जागा आणि ताट

शाळा मिळाली तर शाळाच. रिसॉर्टवर सोय असते, पण तिथे आपला वर्ग नसतो. मात्र शाळा साठ वर्षांच्या गुडघ्यांनी बघून या. बाकांवर फोटोपुरतं बसायचं, कार्यक्रमाला हात असलेल्या खुर्च्या भाड्याने आणायच्या. पंगत जमिनीवर नको. स्वच्छतागृह तपासा, पाणी आहे का बघा, आणि कमोडची एक खुर्ची ठेवून द्या. शिक्षकांना ती लागतेच.

जेवण एक वाजता सुरू झालंच पाहिजे. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना भाषणासाठी उपाशी ठेवता येत नाही. भाकरी, पिठलं, भरलं वांगं, वरणभात आणि एक गोड एवढं पुरे. मांसाहार ठेवायचा की नाही यावर ग्रुपवर वाद घालण्यापेक्षा दुपारचं ताट शाकाहारी ठेवून विषय संपवावा. वर्गात कुणी डॉक्टर किंवा नर्स असेल तर रक्तदाब मोजायचं यंत्र आणि ग्लुकोज जवळ ठेवायला सांगा. रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक सगळ्यांना ठाऊक असतो, पण जवळचं कोणतं रुग्णालय शनिवारी उघडं असतं ते आधी पाहून ठेवा.

संध्याकाळच्या 'बसण्या'बद्दल. कार्यक्रमपत्रिकेत ती नको आणि वर्गणीतून तर मुळीच नको. तिथे मुली नसतात, न पिणारे अवघडतात, आणि दुसऱ्या दिवशी आठवण राहते ती भांडणाची. ज्यांना बसायचं आहे ते आपलं बघतील.

पती-पत्नींना बोलवावं का? या वेळी नको. जोडीदार बरोबर असला की माणूस साठ वर्षांचा राहतो, सोळाचा होत नाही. ज्याला आधाराशिवाय चालता येत नाही त्याच्याबरोबर मात्र कुणीही यावं.

शिक्षक

तेव्हा तिशी-पस्तिशीत असलेले सर आणि बाई आज चौऱ्याहत्तर ते एकोणऐंशीच्या घरात आहेत. फोनवर आमंत्रण देऊ नका, दोघांनी घरी जा. प्रकृती बघा, घरच्यांशी बोला, औषधांच्या वेळा विचारून घ्या. आणायला-सोडायला गाडी आणि सोबत एक विद्यार्थी, दिवसभर त्यांचाच. जे येऊ शकणार नाहीत त्यांचा सत्कार कार्यक्रमाच्या आधीच त्यांच्या घरी करून या. नंतर करू म्हटलं की राहून जातं.

शाल-श्रीफळ द्यायला हरकत नाही, पण त्यांच्या कपाटात शालींचा ढीग आहे. त्यापेक्षा प्रत्येकाने त्या शिक्षकाबद्दल नेमकी एक गोष्ट एका पानावर लिहावी: कुठला धडा, कुठली छडी, कुणाची भरलेली फी. 'आपण आम्हाला घडवलंत' असलं मोघम काही नको. ज्याला लिहायचा सराव नाही त्याच्याकडून फोनवर ऐकून दुसऱ्याने लिहून घ्यावं. मोठ्या ठशात छापून बांधून द्या. शाळेचा शिपाई, प्रयोगशाळेचा परिचर आणि बोर्डिंगच्या स्वयंपाकीण मावशी असतील तर त्यांनाही याच रांगेत बसवा.

आणि शिक्षकांना भाषण करायला लावण्याआधी हजेरी घ्यायला सांगा. त्या वर्षीच्या क्रमाने, अ तुकडीपासून, माहेरच्या नावाने. दिवंगत मित्रमैत्रिणींचं नाव आलं की सगळ्या वर्गाने उभं राहून 'हजर' म्हणावं. वेगळी श्रद्धांजली, वेगळं भाषण लागत नाही. त्यांच्या घरच्यांना ही कल्पना आधी सांगा आणि त्यांची इच्छा असेल तर त्यांना बोलवा. यासाठीच ते नंबर लिहून ठेवायचे होते.

औक्षण: वाढदिवसाचा खरा भाग

साठीला घरोघरी उग्ररथ शांती करतात. साठ संवत्सरांचं चक्र पूर्ण होतं: १९६६ च्या पाडव्याला पराभव संवत्सर लागलं होतं, १९ मार्च २०२६ च्या पाडव्याला पुन्हा तेच लागलं. पण होमहवन हा ज्याच्या त्याच्या घरचा विधी. शाळेत तो नको, कारण आपल्या वर्गात शेख होते, बौद्ध वस्तीतली मुलं होती, एखादं ख्रिस्ती घर होतं. दिवा ओवाळणं मात्र बहुतेकांना आपलं वाटेल. ज्याला कुंकू-अक्षता नको असतील त्याने नुसता दिवा आणि साखर घ्यावी, आणि हे आधीच सहज सांगून ठेवावं.

साठ दिव्यांची सोय अशी. दोन मोठ्या पराती घ्या, प्रत्येकीत तीस पणत्या. वाती आदल्या रात्री तेलात भिजवून ठेवा, नाहीतर पेटवण्यातच वीस मिनिटं जातात. तेल अर्धी पणतीच भरा, म्हणजे परात उचलताना सांडत नाही. खोलीतले पंखे बंद आणि वाऱ्याकडची दारं लोटलेली हवीत. भरलेली परात जड होते, ती दोघींनी धरावी. सुती साडीच असावी, पदर खोचलेला असावा, जवळ पाण्याची बादली असावी.

आता कुणी ओवाळायचं? परंपरेने सुवासिनी. पण साठीला आलेल्या वर्गात काही मैत्रिणींचे पती गेलेले असतात, आणि त्या आपणहून मागे सरकतात. तसं होऊ देऊ नका. पहिली परात त्यांच्याच हातात द्या. त्या आपल्या वर्गमैत्रिणी आहेत, एवढीच पात्रता पुरेशी आहे. मात्र व्यासपीठावर ऐन वेळी नाव पुकारून त्यांना बावरून टाकू नका. आठवडाभर आधी एखाद्या मैत्रिणीने खासगीत विचारावं. नको म्हणाली तर आग्रह नाही, हो म्हणाली तर अगदी सहजपणे.

मुलींनी मुलांना ओवाळून झालं की मुलांनी परात घ्यावी आणि मुलींना ओवाळावं. या मुलींपैकी कितीजणींचा वाढदिवस कधी कुणी साजरा केला असेल? नवऱ्याची साठी, मुलांचे वाढदिवस, नातवाचं बारसं, सगळं त्यांनीच केलेलं असतं. या दिवशी त्यांना पाटावर, म्हणजे खुर्चीवर, बसवायचं.

केक हवा असेल तर एक ठेवा, बिनअंड्याचा. सुरी वर्गातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या अशा दोघांच्या हातात द्या.

दिवसाचा क्रम

साडेनऊला चहा-नाश्ता आणि नावाचे बिल्ले. बिल्ल्यावर मोठ्या अक्षरात शाळेतलं नाव, खाली हल्लीचं. पदवी, हुद्दा काही नाही. साडेदहाला प्रार्थना आणि हजेरी, अकराला शिक्षकांचा सत्कार, साडेअकराला औक्षण, मग ओळखी.

ओळखींचं गणित नीट बघा. पन्नास जणांनी दोन-दोन मिनिटं घेतली तरी शंभर मिनिटं होतात, आणि कुणीच दोन मिनिटांत थांबत नाही. त्यामुळे माईक सगळ्यांच्या हातात देऊ नका. सहा-सात जणांचे गोल करा, अ, ब, क तुकड्या मिसळून. प्रत्येक गोलात एकच प्रश्न: शाळेतली अशी कुठली गोष्ट जी अजून कुणाला सांगितली नाही? काय करतोस, मुलं कुठे असतात, हे विचारायचं नाही. ते जेवताना कळतंच. गोलात एक जण असा नेमा जो गप्प बसलेल्याकडे वळेल. वर्गात एकमेकांना अरे-तुरेच करायचं, मग तो कलेक्टर असो की रिक्षा चालवत असो. जेवणानंतर खेळ, गाणी, जुन्या वर्गफोटोतल्याच जागांवर उभं राहून नवा फोटो, आणि साडेचारला वंदे मातरम्. लांबच्या मुलींना अंधाराआधी घरी पोचता आलं पाहिजे.

शाळेसाठी

काय द्यायचं ते आपण ठरवू नये, मुख्याध्यापकांना विचारावं. पाणी शुद्धीकरण यंत्र सगळे देतात आणि देखभालीअभावी ते दोन वर्षांत बंद पडतं. द्यायचंच असेल तर पाच वर्षांच्या दुरुस्तीचे पैसे बाजूला ठेवून द्या. मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती किंवा एसटी पासचा खर्च न झेपणाऱ्या मुलांसाठी छोटा निधी, हे अधिक उपयोगी पडतं. पैसे संस्थेच्या नावे द्या आणि पावती घ्या.

कार्यक्रम संपल्यावर

आठवड्याच्या आत जमा-खर्च बिलांच्या फोटोंसह ग्रुपवर टाका. उरलेली रक्कम कुठे जाणार तेही लिहा. फोटो ग्रुपवरच ठेवा. फेसबुकवर टाकायचे तर त्यातल्या मैत्रिणींना विचारून.

जे अंथरुणाला खिळलेले होते, ज्यांना रजा मिळाली नाही, जे परदेशी होते, त्यांची यादी करा आणि जवळच्या दोघा-दोघांना वाटून द्या. गावातल्या आजारी मित्राकडे गोडाचा डबा आणि नवा वर्गफोटो घेऊन त्याच महिन्यात जाऊन यावं, तिथेही निरांजन लावून ओवाळावं. आणि ज्यांचा पत्ता अजून लागला नाही ती नावं गावागावांच्या माणसांकडे पुन्हा द्या. जत्रेला, लग्नाला, दहाव्याला माणसं येतात, तिथे विचारत राहावं.